पाहुणे पंतोजी

गेल्या वर्षी श्रावणात माझी एक जुनी विद्यार्थिनी निरोप घ्यायला घरी आली. नेपाळातल्या तराईत, एका खेड्यातल्या शाळेत, सहा महिने मदतनीस शिक्षिका म्हणून ती निघाली होती. पगार नाही. राहायला एक खोली आणि दोन वेळचे जेवण गावकऱ्यांकडे. लग्नाच्या आणि नोकरीच्या वयाची मुलगी असला बिनपगारी उद्योग करायला परदेशी निघाली, म्हणून घरात बरीच कुरकुर झाली होती. तिच्या आईने मला बाजूला घेऊन म्हटलेही, "सर, तुमचं ऐकेल ती. सांगून बघा ना." मी सांगून बघितले नाही. उलट पाढ्यांचे एक जुने पुस्तक तिच्या पिशवीत टाकले.

महिन्याभराने तिचे पत्र आले. हल्ली पत्र म्हणजे मोबाइलवरचा मजकूर; पण तो इतका लांबलचक होता की त्याला पत्रच म्हणायला हवे. शाळा नेपाळी भाषेची, मुले घरी भोजपुरी बोलणारी आणि बाई मराठी! त्यातल्या त्यात सोय एवढीच की अक्षरे आपलीच, बाळबोध. पण तिथेही फसगत होतेच. पहिल्या दिवशी भिंतीवर 'शिक्षा' हा शब्द मोठ्या अक्षरांत वाचून ती दचकली. शाळेने मुलांना असा उघड दम द्यावा याचे तिला नवल वाटले. मग कोणीतरी सांगितले की इकडे शिक्षा म्हणजे शिक्षण. (आपल्याकडे या दोन गोष्टींत फारसा फरक नाही असे मानणारे मास्तर माझ्या लहानपणी होते, पण ते असो.) पत्राच्या शेवटी तिने लिहिले होते, "सर, माघ उजाडायच्या आत मी परत निघणार. मग मी येऊन या मुलांना काय मिळाले? मी आलेच नसते तर काय बिघडले असते?"

प्रश्न वाचून मी दोन दिवस गप्प होतो. बावीस वर्षे एकाच पेशात काढलेल्या माणसाला असे प्रश्न अडचणीचे वाटतात. मग लक्षात आले की हा प्रश्न तिचा एकटीचा नव्हे. तिचे खेडे सरहद्दीच्या पलीकडे. अलीकडे बिहारचे चंपारण्य. दोन्हीकडे बोली तीच, भोजपुरी. आणि १९१७ साली काही मराठी माणसे, त्यांत बायकासुद्धा, अशीच बिनपगारी मास्तरकी करायला तिथल्या खेड्यांत गेली होती. त्यांची हकीकत मी तिला थोडी थोडी करून लिहीत गेलो. तीच इथे मांडतो आहे.

चंपारण्य म्हटले की आपल्याला नीळ आठवते. वीस कठ्ठ्यांच्या बिघ्यातल्या तीन कठ्ठ्यांत रयतेने गोऱ्या मळेवाल्यासाठी नीळ पिकवलीच पाहिजे, ही ती 'तीनकठिया' पद्धत. पुढे जर्मनीत कारखान्यात केलेला निळा रंग बाजारात आला आणि झाडापासून काढलेल्या निळीचे दिवस फिरले. तेव्हा मळेवाल्यांनी आपले नुकसान खंड वाढवून रयतेकडूनच वसूल केले. १५ एप्रिल १९१७ रोजी गांधीजी मोतीहारीला पोचले. जिल्हा सोडून जाण्याचा हुकूम त्यांनी मोडला, खटला उभा राहिला आणि सरकारला तो मागे घ्यावा लागला. चौकशी समिती नेमली गेली आणि १९१८ च्या मार्चमध्ये कायदा होऊन तीनकठिया संपली. एवढी गोष्ट शाळेच्या पुस्तकात असते. आमची मुले ती तीन गुणांसाठी पाठ करतात आणि परीक्षा संपली की विसरतात.

मला ओढ आहे ती तिच्या आतल्या दुसऱ्या गोष्टीची. रयतेच्या जबान्या घेत गावोगाव हिंडताना गांधीजींना दिसले ते असे, की नुसता कायदा करून या माणसांच्या पाठीचा कणा ताठ होणार नाही. मुले उघडीनागडी, गल्ल्यांत घाण, विहिरीभोवती चिखल, अंगावर खरूज आणि मनात कोठीवाल्याची भीती. म्हणून सहा गावांत प्राथमिक शाळा काढायचे ठरले. अट साधी होती. मास्तरांच्या राहण्या-जेवण्याची सोय गावाने करायची, बाकीचा खर्च कार्यकर्त्यांनी पाहायचा. गावकऱ्यांच्या हातात पैसा नव्हता, धान्य मात्र देता येत होते.

आता मास्तर कुठून आणायचे? स्थानिक माणसे बिनपगारी मिळेनात. आणि गांधीजींचा हट्ट असा, की पोरे कसल्याही माणसाच्या हाती द्यायची नाहीत. मास्तर कमी शिकलेला चालेल, पण माणूस सच्चा हवा. (आमच्या खात्याने नेमणुकांच्या वेळी नेमके उलटे धोरण ठेवले आहे असे मला कधी कधी वाटते.) त्यांनी बाहेरच्या प्रांतांत हाक दिली. बेळगावच्या गंगाधरराव देशपांड्यांनी बाबासाहेब सोमण आणि पुंडलिक कातगडे यांना पाठवले. सोमण हे पेशाने वकील. मुंबईहून बबनराव आणि अवंतिकाबाई गोखले हे जोडपे आले, पुण्याहून आनंदीबाई वैशंपायन आल्या. भारत सेवक समाजाचे डॉक्टर देव आले. गुजरातेतून महादेवभाई देसाई आणि दुर्गाबेन, नरहरीभाई परीख आणि मणिबेन; आश्रमातून छोटालाल, सुरेंद्र आणि सतरा वर्षांचा देवदास. शिवाय कस्तुरबा.

त्या काळच्या मराठी घराला उत्तर हिंदुस्थान माहीत होता तो काशीयात्रेपुरता. काशीला जायचे ते म्हातारपणी, घरची व्यवस्था लावून, परत आलो तर आलो अशा तयारीने. गिरगावातल्या किंवा पुण्यातल्या बाईने ऐन उमेदीत उठून नेपाळच्या सीमेजवळच्या खेड्यात मुले शिकवायला जावे, हे तेव्हा विलायतेला जाण्यापेक्षा कमी धाडसाचे नव्हते. अवंतिकाबाई तर विलायतही पाहून आल्या होत्या. वय पस्तिशीचे, रुग्णसेवेचे शिक्षण घेतलेले, नवरा परदेशात शिकून आलेला इंजिनिअर. सुखाने मुंबईत राहता आले असते.

पहिली शाळा १३ नोव्हेंबर १९१७ रोजी मोतीहारीच्या पूर्वेला बडहरवा लखनसेन या गावी सुरू झाली. गावातल्या एका गृहस्थाने त्यासाठी आपले घर दिले. तिथे गोखले पतिपत्नी आणि देवदास राहिले. आठवड्याने, २० नोव्हेंबरला, तराईच्या पायथ्याशी भितिहरवा गावी दुसरी शाळा निघाली. जागा मठाच्या महंतांनी दिली. तिथे सोमण आणि कस्तुरबा. तिसरी मधुबनला, १७ जानेवारी १९१८ रोजी. तिथे महादेवभाई, नरहरीभाई आणि आनंदीबाई. बारा वर्षांच्या आतली मुलेच घ्यायची असा नियम होता. आखीव अभ्यासक्रम नव्हता. हिंदी किंवा उर्दू, तिच्यातूनच हिशेब, थोडा इतिहास-भूगोल, हाताला काही काम आणि या सगळ्याआधी स्वच्छता.

भाषेचे काय? हाच प्रश्न या बायकांनीही गांधीजींना केला. अवंतिकाबाई आणि आनंदीबाई चांगल्या शिकलेल्या. पण दुर्गाबेन आणि मणिबेन यांना गुजराती लिहिण्या-वाचण्यापलीकडे फारसे येत नव्हते आणि कस्तुरबांना तेही जेमतेम. हिंदी शिकवायची कोणी? गांधीजींनी त्यांना समजावले की व्याकरण शिकवण्याची घाई नाही, मुलांना नीटनेटके राहायला आणि वागायला शिकवा. अक्षरांचे म्हणाल तर गुजराती, मराठी आणि हिंदी यांत तुम्हाला वाटते तितके अंतर नाही. मुळाक्षरे आणि आकडे शिकवायला कठीण जाणार नाही.

यातले पहिले वाक्य मला पटते. दुसऱ्याबद्दल माझी थोडी तक्रार आहे. अक्षरे सारखी असली की अडचण दिसेनाशी होते, संपत नाही. आपल्या 'चुली'तला च आणि त्यांच्या 'चूल्हा'तला च कागदावर एकच, कानाला दोन. आपण 'चेष्टा' म्हणतो तेव्हा थट्टा करतो. ते म्हणतात तेव्हा खटपट करतात. आपला 'ळ' त्यांच्याकडे नाही. आपण पन्नास म्हणावे तर ते पचास म्हणणार. पाढ्यांत मात्र खरे नाते आहे. आपली सवायकी तोच त्यांचा सवैया, आपली दिडकी तोच त्यांचा डेढा. मुले सुरात म्हणू लागली की कोणत्याही मुलखातला पंतोजी डोळे मिटून मान डोलावू शकतो. म्हणून तर मी त्या मुलीच्या पिशवीत पाढ्यांचे पुस्तक टाकले होते.

भाषेबद्दल हे मी अनुभवाने बोलतो. मी देशावरचा. माझी पहिली नेमणूक मालवणकडच्या एका खेड्यात झाली. पहिल्याच आठवड्यात एका मुलाला विचारले, "बाबा कुठे आहेत रे तुझे?" तो म्हणाला, "बाबा बाजाराक गेलो." मी ताबडतोब मास्तर झालो. "बाबा गेलो नव्हे, बाबा गेले!" तीनदा म्हणवून घेतले. त्याच्या घरची सगळी मोठी माणसे 'तो गेलो' असेच म्हणतात आणि त्यात काही चुकत नाही, हे मला पुष्कळ उशिरा कळले. तोवर तो मुलगा महिनाभर माझ्याशी बोलला नव्हता. आपल्याच महाराष्ट्रात ही तऱ्हा. मग मणिबेनची चंपारण्यात काय झाली असेल याची कल्पना मला करता येते.

आणि तरीही या बायकांचे वर्ग उत्तम चालले. गांधीजींनी तसे मोकळेपणाने लिहून ठेवले आहे आणि अवंतिकाबाईंच्या शाळेला तर त्यांनी आदर्श म्हटले आहे. कारण शोधायला फार लांब जायला नको. ज्यांना आपल्या विद्येचा भरवसा नसतो ते मुलांकडे नीट बघतात.

शाळेबरोबर दवाखाना होताच. दवाखाना म्हणजे तीन औषधे: एरंडेल, कोयनेल आणि गंधकाचे मलम. जीभ पांढरी दिसली किंवा पोट साफ नसले की एरंडेल. ताप आला की आधी एरंडेल, मग कोयनेल. गळवे आणि खरूज यांना आधी अंग स्वच्छ धुऊन मग मलम. औषध घरी न्यायला द्यायचे नाही, समोर घ्यायला लावायचे. याहून बिकट काही असेल तर डॉक्टर देव ठरल्या वारी येत तेव्हा पाहत. आमच्या आजीचे वैद्यकही एरंडेलापासून सुरू होई आणि बहुधा तिथेच संपे. तेव्हा चंपारण्यातली पोरे शाळेच्या दाराशी येऊन का घुटमळत असतील, हे मी सांगू शकतो. पण गल्ल्या झाडणे, विहिरींभोवतीचा गाळ काढणे ही कामे या पाहुण्यांनी स्वतःच्या हातांनी केली, आणि ती पाहून काही गावांत लोकही पुढे आले.

एक प्रसंग मात्र असा आहे की तो वाचल्यावर पुढे वाचवत नाही. भितिहरव्याच्या बाजूच्या एका लहान गावात बायकांची लुगडी फार मळकट दिसली. गांधीजींनी कस्तुरबांना सांगितले, तुम्ही त्यांना धुण्याबद्दल विचारा. कस्तुरबांनी विचारले. एका बाईने त्यांना हाताला धरून आपल्या झोपडीत नेले आणि झोपडी दाखवली. पेटी नाही, फळी नाही, दुसरे वस्त्र नाही. अंगावर आहे तेवढेच लुगडे. धुवायचे तर नेसायचे काय? महात्माजींना सांगून मला आणखी एक मिळवून द्या, मग मी रोज न्हाईन आणि रोज धुतलेले नेसेन, असे ती म्हणाली. स्वच्छतेचा धडा घेऊन गेलेल्या बाईंना त्या झोपडीत धडा मिळाला. अशी झोपडी ही एकटीच नव्हे, हिंदुस्थानात अशी पुष्कळ आहेत, असे गांधीजींनी पुढे लिहिले.

भितिहरव्याची शाळा बांबूची आणि गवताची होती. एका रात्री तिला आग लागली आणि ती जळून गेली. आग लावली कोणी याचा छडा लागला नाही. जवळपासच्या मळेवाल्यांच्या माणसांवर गांधीजींचा संशय होता. सोमणांनी ठरवले की आता विटांची शाळा बांधायची. बेळगावच्या कोर्टात उभे राहणारा हा माणूस राबू लागला. त्यांचे पाहून गावकरी आले आणि थोड्याच दिवसांत पक्की इमारत उभी राहिली. वकिलीच्या धंद्यात त्यांनी किती खटले जिंकले असतील कोण जाणे, पण हा निकाल मात्र पक्का लागला.

इथवर गोष्ट छान आहे. दिवाळीच्या अंकात इथेच थांबावे, म्हणजे वाचकांचा फराळ गोड लागेल. पण पुढचा भाग सांगितल्याशिवाय मला माझ्या विद्यार्थिनीला तोंड दाखवता आले नसते.

ही मंडळी काही काळापुरतीच आली होती. १९१८ च्या आरंभी अहमदाबादच्या गिरण्यांचा आणि खेड्याच्या सारावसुलीचा प्रश्न उभा राहिला आणि गांधीजी तिकडे ओढले गेले. बाहेरून नवे स्वयंसेवक मिळाले नाहीत, बिहारमधून कायमचे बिनपगारी कार्यकर्ते उभे राहिले नाहीत. हे काम स्थायी पायावर उभे करण्याची आपली आशा पुरी झाली नाही, अशी कबुली गांधीजींनी आत्मकथेत दिली आहे. मोठ्या माणसांच्या चरित्रात अशा कबुलीजवळ आपण थांबत नाही. पुढच्या सत्याग्रहाकडे धावतो. मला मास्तर म्हणून तिथेच थांबावेसे वाटते. बाराखडीच्या 'के, कै'पर्यंत आलेले एखादे पोर असेल. एके दिवशी त्याच्या बाई बैलगाडीत बसून निघून गेल्या. त्याच्या दृष्टीने इतिहास एवढाच. शाळा न काढणे आणि काढून मध्येच सोडणे यांत कोणते अधिक वाईट, हे मला अजून ठरवता आलेले नाही. पहिले अधिक वाईट असे म्हणायची रीत आहे. पण ज्याने मध्येच सोडलेला वर्ग पुढे चालवायला घेतला आहे, त्याला विचारा. मुलांचा विश्वास एकदा उडाला की नवा मास्तर कितीही भला असो, मुले त्याच्याकडेही पाहुणा म्हणूनच बघतात.

जे गेले त्यांचे मात्र पुष्कळ झाले. अवंतिकाबाईंनी त्याच वर्षी, १९१८ साली, गांधीजींचे मराठी चरित्र प्रसिद्ध केले; त्याला प्रस्तावना लोकमान्य टिळकांची. त्याच वर्षी मुंबईत त्यांनी हिंद महिला समाज काढला आणि पुढे कितीतरी बायकांना घराबाहेर आणले. आणि वर्ध्याला १९३७ साली बुनियादी शिक्षणाची योजना पुढे आली, तेव्हा तिच्यात हाताचे काम, स्वच्छता आणि मातृभाषा यांची जी त्रयी होती तिची पहिली चाहूल मला तरी या गवताच्या शाळेत लागते. १९३९ साली बिहारने या योजनेच्या पस्तीस शाळा काढल्या त्या चंपारण्यातच, बेतियाजवळच्या वृंदावनच्या परिसरात. म्हणजे शाळा परत आल्या. पण मधे एकवीस वर्षे गेली होती. १९१७ सालचे दहा वर्षांचे पोर तोवर बत्तीस वर्षांचे बाप्ये झाले असणार. वृंदावनच्या शाळेत त्याने आपली मुले घातली असतील, असे मानायला मला आवडेल.

हे सगळे मी लिहून पाठवले. बरेच दिवस उत्तर आले नाही. दसऱ्याच्या सुमारास नेपाळात शाळांना मोठी सुटी असते. त्या सुटीत ती रक्सौलवरून नरकटियागंजला आली आणि तिथून भितिहरव्याला जाऊन आली. तिथे आता स्मारक आहे. शाळेची जुनी घंटा ठेवली आहे, कस्तुरबांचे जातेही आहे. बाहेर उसाची शेते, आत शांतता. तिने दोन छायाचित्रे पाठवली आणि खाली एक ओळ लिहिली: "सर, तुम्ही सगळ्या शिक्षकांची नावे कळवलीत. मुलांपैकी एकाचे तरी नाव कळवा."

मला कळवता आले नाही.

दिवाळीला तिच्या आईने कडबोळी पाठवायचा घाट घातला. पार्सल पोचेपर्यंत छठ होऊन गेली, कडबोळ्यांचा चुरा झाला आणि तो मुलांनी मुठी भरभरून खाल्ला असे कळले. तिची मुदत पौषात संपत होती. पण तिकडे नवे शैक्षणिक वर्ष वैशाखात सुरू होते आणि परीक्षा त्याच्या आधी. ती परीक्षा होईपर्यंत राहिली. घरी पुन्हा कुरकुर झाली. या वेळी तिच्या आईने मला काही सांगितले नाही.

वैशाखात ती आली तशी भेटायला आली. रंग उन्हाने रापलेला, बोलताना मधेच एखादा भोजपुरी शब्द. पाढ्यांचे पुस्तक तिथल्या मास्तरांनी ठेवून घेतले होते. पिशवीतून तिने एक वही काढून माझ्यापुढे ठेवली. तिची हजेरीची वही. सत्तावीस नावे, सुवाच्य अक्षरांत, प्रत्येकापुढे महिन्यामहिन्याच्या खुणा. मी सवयीने बोट खाली नेत वाचत गेलो. तीन नावांपुढे मार्गशीर्षापासूनच्या चौकटी रिकाम्या होत्या.

"ही तिघं कुठं गेली?" मी विचारले.

"वीटभट्टीवर, सर," ती म्हणाली. "आईवडिलांबरोबर. पाऊस लागला की परत येतात म्हणे."